निर्धूर चूल पुन्हा पुन्हा का धुपते? जळणापासून धुराड्यापर्यंतची तपासणी

धुराड्याची निर्धूर चूल नवी बसवली की पहिले दोन-तीन महिने सगळं झकास चालतं. डोळे चुरचुरत नाहीत, कौलांखालचे वासे काळे होत नाहीत, पोरांचा खोकला कमी येतो. मग कधीतरी तव्याच्या कडेनं धूर यायला लागतो. कुणीतरी येऊन धुराडं झाडून देतं, पंधरा दिवस बरे जातात आणि परत तेच. दोन-तीनदा असं झालं की घरातल्या आत्याबाई म्हणतात, "जाऊ दे गं, आपली जुनीच बरी हुती," आणि नवी चूल फोडून परड्यात तीन दगड मांडले जातात.

कोल्हापूरच्या पश्चिमेला, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरीकडच्या वाड्यावस्त्यांवर मी चुली बांधायचं आणि दुरुस्त करायचं काम करते. फोडलेल्या चुलींपैकी बहुतेकींत मोडलेलं काहीच नसतं. धुराडं झाडणं हा उपाय बरोबरच आहे, पण काजळी एवढ्या लवकर का साठली, हे कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर जवळजवळ नेहमी खाली सापडतं. जळणात, चुलीच्या तोंडाशी, नाहीतर भांड्याच्या बुडाशी. तिथलं कारण निघालं नाही तर धुराडं कितीही झाडा, धूर परत येणारच.

थोडं चुलीच्या आत काय चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं पटेल. लाकूड तापलं की आधी त्यातून वायू निघतात. चूल आतून चांगली लालभडक तापलेली असेल आणि हवा पुरेशी असेल, तर ते वायू ज्वाळेतच जळून जातात आणि धुराड्यातून जवळजवळ काही दिसत नाही. आच थंडावली किंवा हवा अपुरी पडली, की तेच वायू न जळता निसटतात. त्यालाच आपण धूर म्हणतो. म्हणजे डोळ्यांत जातंय ते आपलंच जळण, फुकट गेलेलं. हा धूर वर गेला की थंड धुराड्याला चिकटतो, धुराडं अरुंद होतं, ओढ, म्हणजे धूर वर खेचायची धुराड्याची ताकद, कमी होते, ओढ कमी झाली की हवा कमी, आणि हवा कमी की आणखी धूर. एकदा हे चक्र सुरू झालं की चूल आठवड्या-आठवड्यानं वाईट होत जाते.

आधी धूर कुठून येतो ते बघा

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक सकाळ चुलीसमोर नुसतं बसून बघा. धूर तोंडातून उलटा येत असेल तर ओढ कमी आहे, नाहीतर तोंडात जळण जास्त कोंबलंय. तव्याच्या किंवा पातेल्याच्या कडेनं येत असेल तर भांडं नीट बसत नाही. फक्त वैलावरून, म्हणजे मागच्या भोकावरून, येत असेल तर पुढची वाट तुंबलीय. वारा सुटला की भपकन परत येत असेल तर धुराड्याची उंची किंवा टोपी बघायला हवी. पेटवतानाच येऊन दहा मिनिटांत थांबत असेल, तर ते धुराडं थंड असल्यामुळे. त्यासाठी काही फोडायची गरज नाही, पेटवायची पद्धत बदलली की भागतं.

ओढ तपासायला उदबत्ती पुरते. चूल पूर्ण थंड असताना दोन्ही भोकांवर भांडी ठेवा. कागदाचा एक तुकडा आत, धुराड्याच्या बुडाशी सरकवून पेटवा, म्हणजे नळीतली हवा जरा तापेल. कागद विझला की लगेच उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरा. धूर आत वळला तर धुराडं ओढतंय, दोष खाली शोधायचा. सरळ वर गेला किंवा तुमच्या तोंडावर आला, तर वाट तुंबलीय. या एका परीक्षेनं अर्धी धावपळ वाचते.

जळण: इथंच बहुतेक घरांचं घोडं अडतं

ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. सावलीत, वाऱ्यावर नीट वाळलेलं लाकूडसुद्धा शंभर टक्के कोरडं नसतं, त्यात पंधरा-वीस टक्के ओल राहतेच, आणि तेवढी चालते. पण एक किलो जळणात ४०० ग्रॅम पाणी असेल तर आधी त्या पाण्याची वाफ करण्यात उष्णता जाते. ती उष्णता तीन लिटर पाण्याला उकळी आणण्याएवढी असते. तेवढा वेळ चूल थंड राहते, आणि चूल थंड राहिली की धूर. वरून तो धूर वाफेनं जड झालेला, चिकट. धुराड्यात त्याचं डांबरासारखं लुकण बसतं.

धुराडं झाडताना खाली काय पडतं ते म्हणून जरूर बघा. कोरडी, भुरभुरीत काजळी पडली तर जळण ठीक आहे, नेहमीची सफाई पुरे. काळी, चकचकीत, बोटाला चिकटणारी खपली निघाली, तर घरात ओलं जळण जळतंय, मग घरचे कितीही म्हणोत "वाळलेलंच हाय की".

"वाळलेलंच हाय" हे म्हणतात त्यांचं चुकत नाही. बाहेरून ते वाळलेलं दिसतंच. दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघा, वाळलेल्याचा खणखणीत आवाज येतो, ओल्याचा बद्द. टोकाला चिरा पडलेल्या असतील तर बरं लक्षण. खात्रीच करायची असेल तर एक लाकूड किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून घ्या, आठवडाभर उन्हात ठेवा, परत तोला. वजन उतरतच असेल तर ते अजून जाळायच्या लायकीचं नाही.

आपल्याकडे खरी अडचण जून ते सप्टेंबर. गगनबावड्याला किंवा राधानगरीच्या वरच्या अंगाला पावसात काहीही वाळत नाही, उलट वाळलेलं जळण हवेतली ओल परत पितं. तेव्हा बंदोबस्त उन्हाळ्यातच व्हायला हवा. तोड फेब्रुवारीपर्यंत, फोडून ठेवायचं मार्चपर्यंत. फोडणं महत्त्वाचं. सालीसकट जाड ओंडका आतून वर्षभर वाळत नाही, तोच मनगटाएवढा फोडला तर दोन-अडीच महिन्यांच्या कडक उन्हात कामाचा होतो. रचताना खाली विटा किंवा दगड घालून जमिनीपासून वीतभर उचला, आणि घराच्या पूर्वेच्या भिंतीला रचा, कारण पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो. वर पत्रा किंवा ताडपत्री टाका, पण बाजू मोकळ्या ठेवा. चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलेला ढीग आतून घामेजतो. उद्याला लागेल तेवढं जळण आज रात्री चुलीशेजारी आणून ठेवायची जुन्या बायकांची रीत आहे, ती सोडू नका. फक्त गरम चुलीच्या अंगावर किंवा तोंडात लावून ठेवू नका, त्यानं आगी लागल्यात.

शेणीचं, म्हणजे गोवरीचं, वेगळं. शेणी मंद जळते, राख खूप टाकते आणि धूरही जास्त देते. हुडवा, म्हणजे शेणींचा रचलेला ढीग, नीट शाकारलेला असला तरी पावसाळ्यात खालचे दोन थर ओले असतातच. दूध तापत ठेवायला, आमटी मंद आचेवर ठेवायला शेणी चालते, पण लाकडाच्या जोडीनं आणि एका वेळी तुकडा-तुकडा. अख्खी शेणी तोंडात बसवली की हवेची वाट बंद झालीच म्हणून समजा.

उसाचा पाला आणि चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला चोथा, यांच्यावर जरा रागानंच लिहावं लागतं. कोल्हापूर म्हणजे ऊस, गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाडच जळतं, म्हणून घरच्या चुलीतही ते चालेल असं वाटतं. गुऱ्हाळाची चूल जमिनीत खोल असते, धुराडं उंच, आणि एक माणूस सतत जळण टाकत बसलेला असतो. घरच्या लहान चुलीत पाल्याचा भडका उडतो, क्षणात विझतो, मागे ढीगभर हलकी राख राहते. ती राख जळणाखालच्या जाळीची भोकं बुजवते आणि उडून धुराड्याच्या वळणात बसते. रोज पाला जाळणाऱ्या घरात धुराडं महिन्याच्या आत तुंबतं. पाला वापरायचाच झाला तर न्हाणीच्या बंबाला वापरा, तोही उघड्यावर. त्याचा चांगला उपयोग शेतात सरीत कुजवायला आहेच. पुण्याच्या 'आरती' या संस्थेनं पाचटाचा, म्हणजे याच वाळलेल्या पाल्याचा, कोळसा करून त्याच्या कांड्या पाडायची पद्धतही बसवली होती, तिला २००२ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. गटानं मिळून करायला ते काम चांगलं आहे.

आणि पेटवायला प्लास्टिकची पिशवी, चपलेचा तुकडा, टायर अजिबात नको. त्याचा धूर विषारी असतो आणि तो थेट भाकरीला लागतो. बारीक काटक्या, करवंटीचे तुकडे, मक्याची बुरकुंडं (दाणे काढलेली कणसं) यांनी भागतं.

चुलीचं तोंड आणि भाकरीचा प्रश्न

एकदा एका वस्तीवर चूल बघायला गेले. आदल्या वर्षी बांधलेल्या चुलीचं तोंड विळ्यानं खरवडून दुप्पट केलेलं, आतली जाळी काढून कोपऱ्यात उभी केलेली. त्या मावशींना विचारलं, तर त्या ठसक्यात म्हणाल्या, "मग भाकरी कुठं भाजू, तुमच्या डोक्यावर?" त्यांचं बरोबर होतं, आणि चूल बांधणाऱ्या प्रत्येकानं हे ऐकायला हवं.

आपली भाकरी तव्यावर अर्धीच होते. एक बाजू पाण्याचा हात लावून तव्यावर शेकायची, उलटायची, आणि मग तवा बाजूला सारून भाकरी तोंडाशी, निखाऱ्यासमोर उभी करायची. तिथं ती टम्म फुगते, पापुद्रा सुटतो. जुन्या चुलीला पुढं निखारे ओढायला जागा असते. नव्या चुलीत तोंड लहान, निखारे जाळीतून खाली पडतात, आणि भाकरी उभी करायला जागाच नाही. मग बाई तोंड मोठं करते, जाळी काढते. तिला फुगलेली भाकरी मिळते, पण आत थंड हवेचा लोंढा शिरतो, जळण जमिनीवर राखेत लोळतं, त्याला खालून हवा मिळत नाही, आणि चूल धुपायला लागते. ती चूल तेव्हापासून जुनीच चूल झाली, फक्त धुराडं लावलेली.

उपाय तोंडाच्या बाहेर आहे. चुलीच्या तोंडापुढं वीतभर रुंद, दोन बोटं खोल असा मातीचा ओटा करा, पुढं लहान कड असलेला. भाकरीची वेळ आली की उचटण्यानं (उलथन्यानं) चार-सहा लालबुंद निखारे आतून ओढून त्या ओट्यात घ्या, भाकरी चुलीच्या कपाळाला टेकवून उभी करा. निखाऱ्याला धूर नसतो, कारण त्यातले वायू आधीच जळून गेलेले असतात. सगळ्या भाकऱ्या झाल्या की निखारे परत आत ढकला, जळणही वाया जात नाही. दुसरी सोय म्हणजे तारेची जाळी. तवा उचलून पहिल्या भोकावर जाळी ठेवायची आणि भाकरी तिच्यावर शेकायची. पण भोक उघडं राहिलं तेवढा वेळ ओढ तुटते, म्हणून त्या वेळी तोंडातलं लाकूड मागं ओढून आच कमी करा. मला स्वतःला ओट्याची पद्धत जास्त पसंत आहे. ज्या घरी ओटा केला तिथं तोंड परत खरवडलेलं मी पाहिलेलं नाही.

जाळी परत बसवा, ती हवीच. तिच्याखाली हाताची चार बोटं उभी मावतील एवढी पोकळी ठेवा आणि तिथली राख रोज सकाळी, पेटवायच्या आधी काढा. राखेची पोकळी भरली की खालची हवा बंद. जळण तोंडाच्या निम्म्या उंचीपर्यंतच घाला, वरची जागा मोकळी सोडा. बारीक दोन-तीन लाकडं टोकाकडून सरकवत राहा. एकदम पाच-सहा कोंबून दुसऱ्या कामाला जाता येतं हे खरं, पण मग ती धुपतात. फुकणीनं फुंकत बसावं लागतंय का, हे लक्षात ठेवा. नीट चाललेल्या चुलीला पेटवण्यापलीकडे फुंकावं लागत नाही.

तवा, पातेलं आणि वैल

दोन भोकांच्या चुलीत मागचं भोक, म्हणजे वैल, रिकामं सोडलं की धुराडं तिथूनच हवा ओढतं. मग पुढच्या तोंडातून ओढायला ताकद उरत नाही. वैलावर नेहमी काहीतरी हवं. पाण्याचं तपेलं ठेवा, नाहीतर कुंभाराकडून भोकाच्या मापाचं मातीचं झाकण करून घ्या. कोल्हापुरात बापट कॅम्पच्या कुंभारांकडे नाहीतर गावच्या आठवडी बाजारात सांगून ठेवलं की मिळतं.

भांडं भोकावर डुगडुगत असेल तर कडेला मातीची बारीक वळी लावून घ्या, भांडं ओल्या वळीवर दाबून तिचा साचा उठवा. सपाट बुडाचं स्टीलचं पातेलं गोल बुडासाठी केलेल्या भोकावर नीट बसत नाही. घरात रोज वापरायची दोन भांडी ठरवून चूल बांधतानाच गवंड्याला दाखवली तर हा त्रास उद्भवतच नाही.

धुराडं

झाडायचं कधी? कोरड्या जळणावर दोन महिन्यांतून एकदा, पावसाळ्यात दर महिन्याला. चूल रात्रभर थंड होऊ द्या. तोंड आणि दोन्ही भोकं ओल्या गोणपाटानं बंद करा, नाहीतर काजळी घरभर होईल. नाकातोंडाला फडकं बांधा. वरून टोपी काढून दोरीला काथ्याचा गुंडा आणि खाली दगड बांधून सोडा, चार-पाच वेळा वरखाली करा. घरात शिडीवर चढणारं कुणी नसेल तर धुराड्याच्या बुडाशी, चुलीच्या वर हातभर, पत्र्याची खिडकी करून घ्या. मग लांब बांबूला गोणपाट गुंडाळून खालूनच झाडता येतं. ही खिडकी नसणं हे धुराडं वर्षानुवर्षं न झाडलं जाण्याचं मोठं कारण आहे. बायकांनी कौलांवर चढावं अशी अपेक्षा धरून केलेली रचना मला मान्य नाही. झाडून झालं की आडव्या भागात, वळणावर पडलेली काजळी हातानं बाहेर काढा. बरेच जण नळी झाडतात आणि वळण विसरतात.

नळी चार इंचांची, सरळ उभी, शक्यतो वळण नसलेली. वळण घ्यावंच लागलं तर काटकोनात नको, तिरकं घ्या. अ‍ॅस्बेस्टॉसची जुनी नळी असेल तर ती कापू, घासू किंवा फोडू नका, तिची धूळ फुप्फुसाला घातक असते. बदलायची झाली तर अख्खी उतरवून जी.आय. (जस्त चढवलेल्या) पत्र्याची बसवा.

उंची आढ्याच्या वर किमान दोन फूट. बऱ्याच घरांत नळी कौलातून जेमतेम बाहेर काढलेली असते, आढं तिच्याहून वर. मग पश्चिमेचा वारा छपरावरून घसरून थेट नळीत शिरतो. शेजारी नवा स्लॅब पडला की वर्षानुवर्षं चांगली चाललेली चूल अचानक धुपायला लागते, तेही याच कारणानं. चूल तीच असते, वारा बदललेला असतो. नळी उंच करा, आधाराला तारेचे ताण द्या. टोपी आणि नळीचं टोक यांत चार बोटं अंतर हवं. माकडांनी टोपी दाबून बसवलीय का, साळुंकीनं घरटं केलंय का, हे उन्हाळ्याच्या शेवटी एकदा बघून घ्या.

नळी कौलातून किंवा पत्र्यातून जाते तिथं पावसाचं पाणी झिरपतं, काळे ओघळ खाली येतात आणि धुराड्याचं बूड ओलं होतं. तिथं पत्र्याची कॉलर बसवून सांध बुजवा. लाकडी वासा नळीपासून निदान वीतभर लांब असायला हवा, जमत नसेल तर मध्ये पत्रा घाला. आणि चिकट काजळीनं भरलेली नळी कधी आतून पेटलीच, घोंघावल्यासारखा आवाज यायला लागला, तर चुलीचं तोंड आणि भोकं ओल्या गोणपाटानं घट्ट बंद करा, पोराबाळांना बाहेर काढा. गरम नळीत वरून पाणी ओतू नका.

माती, भेगा आणि पूर

चूल आपण प्रेमानं सारवतो. प्रत्येक सणाला एक हात फिरतो, आणि वर्षभरात तोंड आणि भोकं आतून अर्धा-अर्धा इंच अरुंद झालेली असतात. बाहेरून सारवा, आतल्या वाटेत हात नको. चूल नवी असतानाच बांबूच्या काडीवर तोंडाची रुंदी, उंची आणि भोकाचं माप खुणा करून ठेवा, ती काडी चुलीमागं खोचून ठेवा. वर्षानं तीच काडी घालून बघायची, जास्तीची माती खरवडून काढायची.

भेगांमधून चोरून हवा शिरते आणि ओढ वाया जाते. चिकणमाती, शेण आणि चाळलेली राख कालवून भेगा लिंपा, आधी भेग ओली करून. आच लागते तिथं सिमेंट वापरू नका, ते तापून तडकतं. सिमेंट फक्त बाहेरच्या अंगाला.

पंचगंगेच्या काठच्या गावांना, चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत, २०१९ आणि २०२१ च्या पुरात चुली गाळात गेल्या. मातीची चूल पाण्यात दोन-चार दिवस उभी राहिली असेल तर ती वरून धडधाकट दिसली तरी आतून विरघळलेली असते. नळी आधी उतरवून तिच्यातला गाळ धुऊन काढा. चुलीला आठवडाभर वारा लागू द्या, मग तीन-चार दिवस फक्त काटक्यांची थोडी आच द्या. पहिल्याच दिवशी जोरात पेटवली तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन चूल फुटते.

विकतच्या शेगड्या आणि पंख्याच्या चुली

बिनधुराड्याची उचलती चूल धूर कमी करते, घराबाहेर काढत नाही. ती खिडकीशी नाहीतर सोप्यात वापरा. घेताना आय.एस. १३१५२ हे भारतीय मानक लिहिलेलं आहे का बघा. त्यात साध्या चुलीची उष्णता-कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के मागितली आहे. पंख्याची चूल धुपायला लागली तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते, पात्यांना धूळ आणि तेलकट काजळी बसलेली असते, किंवा आतल्या बारीक भोकांत राख गेलेली असते. जुन्या दातांच्या ब्रशनं भोकं मोकळी करा, ओलं जळण तर त्यात चालतच नाही.

कोळशाची शेगडी धूर देत नाही म्हणून बंद खोलीत ठेवू नका. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेलं माणूस झोपेतच जातं. थंडीत ऊबेसाठी तर मुळीच नको.

धूर थोडाच आहे, चालतंय, असं म्हणणाऱ्यांना एक आकडा सांगावासा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली, त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून जास्त मुलं होती. म्हणून गॅस परवडतो तेवढा वापराच. उज्ज्वला योजनेच्या जोडणीवर २०२३ च्या ऑक्टोबरपासून सिलिंडरमागं ३०० रुपये अनुदान आहे, आणि एकदम १४.२ किलोचे पैसे जमत नसतील तर पाच किलोची छोटी टाकीही मिळते. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांसाठी सांगते, उज्ज्वलाच्या २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यापासून स्थलांतरितांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालतं. दारात दोन-तीन म्हशी असतील तर एक घनमीटरच्या गोबरगॅसला रोज लागणारं २५ किलो शेण घरचंच निघतं, आणि तीन-चार माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. मी तरी जागा असलेल्या प्रत्येक घराला आधी हेच सुचवते. चूल राहिलीच तर आंघोळीचं पाणी तापवणं आधी स्वयंपाकघराबाहेर न्या, कारण सगळ्यात जास्त वेळ चूल पेटती राहते ती त्यासाठीच.

गवंडी बोलवायचाच झाला तर

केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि २००२ साली बंद झाला. त्या काळात गावोगाव चुली बांधल्या गेल्या, पण नंतर वर्षभर येऊन बघणारं कुणी नव्हतं, हे जुन्या बायका आजही सांगतात. म्हणून गवंड्याशी पैसे ठरवतानाच पहिल्या पावसाळ्यानंतरची एक फेरी धरून ठरवा, आणि थोडे पैसे त्या फेरीपर्यंत मागं ठेवा.

तो येण्याआधी वरची उदबत्तीची परीक्षा करून ठेवा, धूर नेमका कुठून आणि कधी येतो ते सांगा. धुराड्यातून निघालेली काजळी कागदात बांधून ठेवा, ती बघून त्याला जळणाचा अंदाज येतो. मापाची काडी, रोजचा तवा आणि रोजचं पातेलं त्याच्या हातात द्या. आणि भाकरी कशी भाजता ते तोंडानं सांगण्यापेक्षा त्याच्यासमोर एक भाजून दाखवा, म्हणजे ओटा किती रुंद हवा ते तो तिथंच मोजून घेईल.